खानेसुमारी, माउबिसे

रस्ता संपतो तिथून माझी हद्द सुरू होते.
एकशे बारा घरं, तीन ओढे, एक शाळा
आणि चढ.
चढासाठी फॉर्मात रकाना नाही.

हे बेट म्हणजे एक म्हातारी मगर, असं आम्ही मानतो.
एका पोराचे उपकार फेडायला ती निजली ती निजलीच;
पाठीचे खवले, ते हे डोंगर.
किनाऱ्यावरचे लोक अजून मगरीला आजोबा म्हणतात,
पाण्यात उतरताना हळूच विचारतात, येऊ का?
उत्तरेचा समुद्र बाई, निवांत.
दक्षिणेचा बाप्या, सदा अंगावर येणारा.
शिखरावरून दोन्ही दिसतात, म्हणे.
माझ्या वाट्याला चार दिवस नुसतं धुकं.

सत्तेचाळिसावं घर एर्मेलिंदाचं.
छप्पर? पत्रा.
आधी गवत होतं, ते नव्व्याण्णव साली जाळलं.
कोणी, ते फॉर्म विचारत नाही, तीही सांगत नाही.
भाषा? घरात माम्बाई, चर्चमध्ये तेतुम,
पोरांच्या वहीत पोर्तुगीज.
आणि इंडोनेशियन?
चुलीपाशी बसलेला तिचा बाप मान वर करतो:
येते. बोलत नाही.

उत्पन्न?
ती मला परसात नेते.
उंच सावलीच्या झाडांखाली कॉफी,
फांदीफांदीला लाल मणी.
ट्रकवाला खाली थांबतो आणि भाव सांगतो.
भाव आपण नाही सांगायचा? मी विचारते.
ती हसते, जसं लहान मुलाला हसतात.
डॉलरच्या नोटेवरचा माणूस तिला ठाऊक नाही,
पण पन्नास सेंतावोंच्या नाण्यावर कॉफीची फांदी आहे
आणि ती तिच्याच झाडाची आहे, असं ती ठासून सांगते.

दक्षिणेच्या समुद्राखाली तेल आहे, मी सांगते,
त्यावर सरकार चालतं, माझा पगारही त्यातलाच.
किती उरलंय?
ताई, ते माझ्या फॉर्मात नाही.
मग तुझ्या फॉर्मात आहे तरी काय, म्हातारा विचारतो.

माणसं.
काल रात्री या घरात झोपलेली माणसं किती?
ती बोटं मोडते.
मी, बाबा, चार पोरं.
ऑक्टाव्हियानो, कोरियात, मासेमारी बोटीवर.
झुआनिता, आयर्लंडात, कोंबड्या कापायच्या कारखान्यात;
तिच्या पैशातूनच हा पत्रा.
आणि माझा थोरला भाऊ, लिबोरियो.
तो कुठे असतो?
एकोणऐंशी साली वर रानात गेला.
तेव्हापासून येतोय.

मी तिला नियम समजावते.
काल रात्री. या छपराखाली. श्वास घेणारी.
ती शांतपणे ऐकते, आत जाते,
कॉफीचे कप मांडते.
मला एक, तिला एक, बापाला एक,
आणि एक उंबऱ्याजवळ, जमिनीवर.
त्याची वाफ दाराबाहेर जाते.

मी सहा लिहिते.
जनावरं? एक म्हैस, ती म्हणते, लिही, नीट लिही,
कपाळावर पांढरा ठिपका आहे.

अठ्ठेचाळिसावं घर ओढ्यापलीकडे.
घरधनी आल्बिनो, दारातच म्हणतो,
आधी म्हैस लिहून घ्या.
कपाळावर पांढरा ठिपका.
ती तर एर्मेलिंदाची ना?
तिच्या धाकट्या दिराने आमची मुलगी केलीय,
देजातली ती म्हैस आहे. द्यायची राहिलीय.
नऊ वर्षं झाली.

टॅब्लेट विचारतो, नक्की का?
मी दोन्ही घरांत म्हैस ठेवते.
वरचे साहेब दिलीहून फोन करतील, आकडा जास्त कसा म्हणून,
तेव्हाचं तेव्हा.
अंधाराआधी पन्नासावं घर गाठायचंय,
आणि वर रानाच्या बाजूने कुणाचं तरी कुत्रं भुंकतंय,
ओळखीच्या माणसावर भुंकतं तसं.